सनदी शाळा आणि चित्रं काढणारी पोर



या सदरात आपण एरवी बियाणं, खत, कीड आणि पाणी यांचं बोलतो. पण गेल्या महिन्याच्या टपालात एक पत्र असं आलं की, त्याचं उत्तर युरियाच्या मात्रेसारखं दोन ओळींत देता येईना. पत्र लिहिणारे गृहस्थ पाच एकरांचे बागायतदार आहेत. ते लिहितात, "साहेब, माझी धाकटी आठवीत आहे. दिवसभर चित्रं काढत बसते, गणितात कशीबशी पास होते. आमच्या मेव्हण्यांची मुलगी अमेरिकेत असते. ती म्हणते, तिकडे सरकारी पैशावरच्या शाळेत अर्धा दिवस अभ्यास आणि अर्धा दिवस चित्रकला, गाणं, नाटक शिकवतात आणि फी एक पैसा नाही. हे खरं आहे काय? आणि खरं असेल, तर ती माणसं पोरांच्या पोटापाण्याचा विचार करतात की नाही?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. होय, अशा शाळा आहेत. दुसऱ्या प्रश्नाला मात्र जरा वेळ लागेल, कारण तो फक्त अमेरिकेचा प्रश्न नाही. ज्या घरात एखादं पोर वहीच्या शेवटच्या पानावर बैल काढत बसतं, त्या प्रत्येक घरातला तो प्रश्न आहे.

माझी एक भाची, म्हणजे चुलत बहिणीची मुलगी, कॅलिफोर्निया राज्यात राहते. तिची मुलगी अशाच एका शाळेत शिकते. यंदा उन्हाळ्यात दोघी महिनाभर गावी आल्या होत्या. शेतकऱ्याच्या प्लॉटवर गेल्यावर आम्ही विस्तार अधिकारी जसं विचारतो, जमीन कोणती, पाणी किती, खर्च काय, उतारा काय, तसं मी दोघींना खोदून खोदून विचारलं. त्यांनी सांगितलेलं आणि मी वाचून पडताळलेलं असं दोन्ही मिळून आज तुमच्यापुढे ठेवतो. भाचीच्या शाळेचं नाव लिहीत नाही. नावापेक्षा तिथला अनुभव आपल्या कामाचा आहे.

सनद म्हणजे काय?

या शाळांना तिकडे 'चार्टर स्कूल' म्हणतात. चार्टर म्हणजे सनद. सनद हा शब्द आपल्याला नवा नाही; आपल्या गावागावांत वतनाच्या, इनामाच्या सनदा होत्या. इंग्लंडच्या राणीनं १६०० साली ईस्ट इंडिया कंपनीला व्यापाराची परवानगी दिली, तीही सनदच. सनद देणारा सांगतो की, अमुक काम अमुक मुदतीत करून दाखव, त्यासाठी तुला एवढी मोकळीक. शाळेच्या बाबतीत रे बड नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं हा शब्द वापरला. पुढे १९८८ साली शिक्षकांच्या एका मोठ्या संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी ही कल्पना जाहीर भाषणातून उचलून धरली. तिचा पहिला कायदा १९९१ साली मिनेसोटा राज्यात झाला आणि १९९२ साली सेंट पॉल शहरात पहिली सनदी शाळा उघडली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियानंही कायदा केला. २०२१ सालच्या सरकारी मोजणीत देशभर सुमारे ७,८०० सनदी शाळा आणि ३७ लाख मुलं होती. म्हणजे सरकारी पैशावर शिकणाऱ्या शंभर मुलांतली सातेक मुलं या शाळांत होती.

व्यवहार असा आहे. पैसा सरकारचा, म्हणून फी नाही. शाळा चालवणारं मंडळ वेगळं. काय शिकवायचं, दिवस कसा वाटायचा, शिक्षक कोण नेमायचे यात त्यांना बरीच मोकळीक. त्या बदल्यात सनद ठरावीक मुदतीची, बऱ्याच ठिकाणी पाच वर्षांची. मुदत संपली की हिशेब दाखवायचा, निकाल दाखवायचा आणि सनद पुन्हा मागायची. काम नीट नसेल तर सनद जाते आणि शाळा बंद होते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढायची, असा साधारण नियम. या मोकळिकीचा उपयोग कोणी विज्ञानासाठी केला, कोणी भाषेसाठी, आणि काहींनी कलेसाठी.

घरपट्टी उतरली आणि पेटीचा सूर गेला

कलेसाठी वेगळी शाळा काढायची वेळ का आली, हे कॅलिफोर्नियाच्या बाबतीत समजून घेण्यासारखं आहे. तिथल्या शाळा पूर्वी मुख्यतः घराजमिनीवरच्या करावर चालत. म्हणजे आपली घरपट्टी समजा. घरांच्या किमती वाढत गेल्या, कर वाढत गेला आणि लोक चिडले. जून १९७८ मध्ये त्यांनी मतदान करून हा कर मालमत्तेच्या ठरवलेल्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधून टाकला; ती किंमतही वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, असं ठरवलं. घरमालकांची सुटका झाली, पण शाळांची तिजोरी आटली. आता पैसा कमी पडला की घरात पहिली काटछाट कुठे होते? तेल-मीठ राहतं, सणाचा कपडा जातो. शाळांतही तेच झालं. गणित, वाचन राहिलं; संगीताचे आणि चित्रकलेचे शिक्षक गेले.

त्या पडझडीतून काही माणसांनी वेगळी वाट काढली. दक्षिण कॅलिफोर्नियात १९८७ साली एका सरकारी हायस्कुलात कलेचे जादा वर्ग सुरू झाले. ते वाढत जाऊन २००० साली सँटा आना शहरात त्याची स्वतंत्र सनदी शाळा झाली. तीच आजची 'ऑरेंज काउंटी स्कूल ऑफ द आर्ट्स'. सातवी ते बारावी, आधी नेहमीचे विषय आणि दुपारनंतर कला. उत्तरेकडे ओकलंड शहराचे महापौर जेरी ब्राउन यांच्या पुढाकारानं २००२ साली 'ओकलंड स्कूल फॉर द आर्ट्स' निघाली. तिथे १९२८ साली बांधलेलं एक जुनं भव्य थिएटर कित्येक वर्षं बंद पडून होतं. ते दुरुस्त होऊन २००९ साली उघडलं आणि त्याच इमारतीच्या आवारात ही शाळा भरू लागली. बंद पडलेल्या सूतगिरणीत कोणी मुलांची शाळा भरवावी, तसंच म्हणा ना.

नातीचा दिवस

आता घरातलं सांगतो. माझी नात सहावीपर्यंत घराजवळच्या साध्या शाळेत होती. चित्रं काढायची, पण तिथे चित्रकलेचा शिक्षक नव्हता. भाचीनं या शाळेचा अर्ज भरला. काही कलाशाळा फक्त सोडतीवर प्रवेश देतात, काही चाचणी घेतात. हिच्या शाळेत चाचणी होती. आपली दहा चित्रं घेऊन जायचं, तिथे बसवून एक चित्र काढून घेतात आणि मग दोन शिक्षक बोलतात. त्यांनी नातीला विचारलं की, यातलं तुझं सगळ्यात फसलेलं चित्र कोणतं आणि ते का फसलं. चांगलं कोणतं, हे विचारलंच नाही. तिनं एक मांजर दाखवलं आणि सांगितलं की, हे मी मांजराकडे बघून काढलं नाही, दुसऱ्या चित्राकडे बघून काढलं. ती निवडली गेली.

शाळा सकाळी आठला भरते. दुपारी दोनपर्यंत गणित, विज्ञान, इंग्रजी, इतिहास. हे कोणालाही चुकत नाही आणि राज्याच्या परीक्षाही इतर शाळांसारख्याच द्याव्या लागतात. दोनपासून साडेचारपर्यंत कला. कोणी व्हायोलिन, कोणी नाच, कोणी नाटकाचे पडदे रंगवणं, कोणी दिव्यांची योजना. पहिले दोन आठवडे नातीच्या वर्गाला एकच काम होतं, ते म्हणजे आपला डावा बूट काढणं. तेही कागदाकडे न बघता, फक्त बुटाकडे बघत रेघ ओढायची. हातानं चित्र काढण्याआधी डोळ्यानं बघायला शिकायचं, असा त्यामागचा हेतू. मला हे ऐकून आमच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे सर आठवले. ते पान हातात द्यायचे आणि म्हणायचे, आधी शिरा मोजा, नाव मग सांगा. पिकावरचा रोग ओळखणारा शेतकरी दुसरं काय करतो?

पण सगळं गोडगोड नव्हतं. दर पंधरा दिवसांनी सगळ्यांची चित्रं भिंतीवर लावतात आणि वर्ग एकेका चित्रावर बोलतो. काय जमलंय, काय जमलं नाही. दुसऱ्या वर्षी नातीच्या चित्राला पाठोपाठ तीन वेळा "यात नवीन काही नाही" असं ऐकावं लागलं. जुन्या शाळेत ही वर्गातली एकुलती चित्रकार होती. इथे पंचवीस जणी तिच्याइतक्याच होत्या. पोर घरी आली ती दार लावून बसली. मला ती शाळा नको म्हणाली.

घरात दोन तट पडले. जावई म्हणाले, बरं झालं, घराजवळच्या शाळेत जाऊ दे, गणिताकडे लक्ष देईल. ते तिथे एका कारखान्यात अभियंता आहेत, इथल्या कोरडवाहू घरातून शिष्यवृत्तीवर शिकून गेलेले. गणितानं आपलं आयुष्य उभं केलं, हे त्यांनी अनुभवलेलं आहे. भाचीला वाटत होतं की, रडून आलेल्या दिवशी निर्णय घेऊ नये. शेवटी असं ठरलं की सत्र पूर्ण करायचं आणि मग मुलीनंच सांगायचं. पेरल्यावर आठव्या दिवशी माती उकरून बी बघायचं नाही, एवढं शहाणपण शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या त्या दोघांत शिल्लक होतं.

सत्र संपताना शिक्षिकेनं तिघांना बोलावलं. तिनं टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक पहिल्या आठवड्यातला बूट आणि एक त्याच आठवड्यात काढलेला बूट. पहिल्यात बुटासारखं काहीतरी होतं. दुसऱ्यात टाच एका बाजूनं झिजलेली दिसत होती. जावई बराच वेळ बघत राहिले आणि मुलीला म्हणाले, "तू पाय आत टाकून चालतेस?" मुलगी म्हणाली, "हो. मलाही चित्र काढतानाच कळलं." ती त्या शाळेत राहिली. आज दहावीत आहे. चित्रकार होणार का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "आजोबा, अजून ठरलं नाही." मला ते उत्तर आवडलं.

त्याच गल्लीतला एक मुलगा ट्रम्पेट वाजवायचा. तोही त्याच वर्षी निवडला गेला आणि वर्षभरात परत आला. त्याला वाजवणं आवडायचं, पण फुटबॉलही आवडायचं आणि या शाळेत फुटबॉलचा संघच नव्हता. संध्याकाळी पाचला सुटल्यावर खेळायला वेळ उरेना. आता तो साध्या शाळेत आहे, तिथल्या बँडमध्ये वाजवतो आणि शनिवारी खेळतो. त्याच्या घरी कोणी याला नापास होणं म्हटलं नाही. तेही तुम्ही ध्यानात ठेवा.

फी नाही, मग खर्च कुठला?

आता पदरमोडीचा हिशेब. फी नाही हे खरं. पण शाळा घरापासून पस्तीस किलोमीटर. साध्या शाळेला पिवळी बस असते, या शाळेला नाही. भाची रोज दोन फेऱ्या मारते. त्यासाठी तिनं आपल्या नोकरीचे तास अर्धे केले आणि पगारही अर्धा झाला. रंग, कुंचले, कागद आपले. शिवाय दर वर्षी शाळेकडून देणगीचं पत्र येतं. त्यात 'ऐच्छिक' असं लिहिलेलं असतं, पण आकडाही लिहिलेला असतो. जावई हसून म्हणाले, "मामा, आपल्या गणपतीच्या वर्गणीसारखंच. ऐच्छिक असते, पण पावतीपुस्तक घेऊन दारात उभे राहतात."

हसण्यावारी नेलं तरी गोष्ट गंभीर आहे. ज्या आईला दोन फेऱ्या मारता येत नाहीत, जिला देणगीच्या पत्राचा संकोच वाटतो, ती अर्जच भरत नाही. तिची मुलगी कितीही चांगली चित्रं काढत असो. चाचणीचंही तसंच आहे. लहानपणापासून खाजगी शिकवणी लावलेलं मूल चाचणीत पुढे जातं. २०१६ साली अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनची दक्षिण कॅलिफोर्निया शाखा आणि पब्लिक अ‍ॅडव्होकेट्स या दोन संस्थांनी त्या राज्यातल्या सनदी शाळांचे प्रवेशनियम तपासले. किमान २५३ शाळांच्या नियमांत त्यांना मुलांना बाहेर ठेवणाऱ्या अटी सापडल्या. कुठे आधीचे गुण बघायचे, कुठे पालकांनी अमुक तास शाळेत राबायचं. दार सगळ्यांना उघडं आहे असं म्हणायचं आणि उंबरठा गुडघ्याइतका उंच ठेवायचा, असा तो प्रकार.

सुनावणीची संध्याकाळ

नातीच्या तिसऱ्या वर्षी शाळेच्या सनदेची मुदत संपत आली. शिक्षण मंडळासमोर जाहीर सुनावणी होती. कोणालाही बोलता येतं, प्रत्येकाला दोन मिनिटं. भाची म्हणाली, संध्याकाळी सहाच्या सभेला चारपासून रांग होती. सनद गेली असती तर शेकडो मुलं वर्षाअखेरीस दुसरी शाळा शोधत फिरली असती.

एक मुलगा उठला. तो नाटकाच्या विभागातला होता. त्यानं एवढंच सांगितलं की, जुन्या शाळेत तो तीन वर्षं डबा एकटा खात होता आणि या शाळेत त्याच्या टेबलावर जागा पुरत नाही. त्याच्या मागून त्याची आई बोलणार होती, पण तिला बोलता आलं नाही. ती खाली बसली.

त्यानंतर शेजारच्या साध्या सरकारी शाळेतल्या संगीताच्या बाई उठल्या. सभागृह त्यांच्या विरुद्ध होतं, तरी त्या बोलल्या. त्या म्हणाल्या, तुमची मुलं आनंदात आहेत याचा मला आनंद आहे. पण प्रत्येक मुलामागे सरकारचा पैसा जातो. माझ्या शाळेतून तीस मुलं गेली की तीस मुलांचा पैसा जातो. दिवाबत्ती, बस आणि छपराची दुरुस्ती मात्र तेवढीच राहते. माझ्या वर्गातली चांगली वाजवणारी मुलं तुमच्याकडे आली आणि माझा वाद्यवृंद बंद पडला. जी चारशे मुलं माझ्याकडे उरली, त्यांनी गाणं कुठे शिकायचं?

भाची म्हणाली, "मामा, मी टाळ्या वाजवायला हात वर केले होते ते तसेच राहिले. त्या मुलाचंही खरं होतं आणि बाईंचंही खरं होतं."

सनद मिळाली, पण अटींसह. हिशेब दर तिमाहीला दाखवायचे आणि देणगीच्या पत्रावर 'ही रक्कम न दिल्यास प्रवेशावर काही परिणाम होणार नाही' हे वाक्य पहिल्याच ओळीत ठळक छापायचं.

बाईंच्या प्रश्नाला त्या राज्यानं एक उत्तर शोधलं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी असा कायदा मंजूर केला की, सरकारी शाळांना मिळणाऱ्या ठरावीक निधीच्या एक टक्क्याइतकी जादा रक्कम दर वर्षी फक्त कला आणि संगीत शिक्षणासाठी द्यायची. ती साध्या शाळांनाही मिळते आणि सनदी शाळांनाही. पाचशे आणि त्याहून अधिक मुलांच्या शाळांनी यातला ८० टक्के पैसा माणसं नेमण्यावरच खर्च करायचा, सामान घेऊन कपाटात ठेवायचं नाही. १९७८ साली लोकांनी मतदानानं जे नाल्यात सोडलं, ते चव्वेचाळीस वर्षांनी मतदानानंच थोडं परत वळवलं.

चाचणी प्लॉटचा निकाल

आता तुम्ही विचाराल, साहेब, उतारा काय? पिशवीवर 'सुधारित वाण' छापलं म्हणून पीक येत नाही, तसं दारावर 'सनदी' लिहिलं म्हणून शाळा चांगली होत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या 'क्रेडो' या केंद्रानं २००९ साली सोळा राज्यांतल्या माहितीवरून सनदी शाळांचा गणिताचा निकाल तपासला. शंभरातल्या १७ शाळा जवळच्या साध्या शाळांपेक्षा सरस निघाल्या, ४६ मध्ये फरक नव्हता आणि ३७ कमी पडल्या. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालात चित्र सुधारलेलं दिसलं. सनदी शाळांतली मुलं सरासरीनं वर्षाला वाचनात १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिकण्याइतकी पुढे होती.  पण हे सगळ्या सनदी शाळांचं झालं, कलेचं काय?

कलेसाठी मला एक प्रयोग फार आवडला, कारण तो आमच्या पद्धतीचा आहे. नव्या वाणाची चाचणी घेताना आपण शेजारी जुन्या वाणाचा पट्टा ठेवतो, नाहीतर पीक वाणानं आलं की पावसानं आलं, हे कळत नाही. टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात ४२ साध्या सरकारी शाळा घेतल्या, तिसरी ते आठवीची दहा हजारांहून अधिक मुलं. सोडत काढून काही शाळांत कलाकार, नाटक मंडळ्या, संग्रहालयांच्या सहली नेल्या आणि काही शाळा तशाच ठेवल्या. २०१९ साली निकाल जाहीर झाला. जिथे कला वाढवली, तिथे शिस्तभंगाची प्रकरणं ३.६ टक्क्यांच्या अंतरानं कमी झाली, लेखनाचे गुण वाढले आणि दुसऱ्याच्या दुःखाची जाणीवही थोडी वाढली. आणि आपल्या पत्रलेखकांसाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे, कलेला वेळ दिला म्हणून गणित बुडालं नाही.

यातून काय घ्यायचं?

आता त्या बागायतदार गृहस्थांना आणि तुम्हा सर्वांना माझं सांगणं.

एक, सनदी शाळा आपल्याकडे नाहीत आणि त्या हव्यात असंही मी म्हणत नाही. तिथल्या बाईंचा प्रश्न ऐकल्यावर तर नाहीच. पण आपल्या शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेची तासिका आज आहे. ती खरोखर होते का, की परीक्षा जवळ आली म्हणून गणिताला जाते, हे बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, आणि एकूण समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं ठरवलं आहे. सोसायटीच्या सभेला आपण जातो, तसं या सभेलाही जा. तिथे दोन मिनिटं बोला. त्या कॅलिफोर्नियातल्या माणसांनी दुपारी चारपासून रांग लावली होती.

दोन, मुलीची आवड ही आवड आहे की अभ्यासाची पळवाट, हे कसं ओळखावं? तिला तिचं फसलेलं चित्र विचारा. पळवाट असेल तर तिला सगळीच चित्रं छान वाटतील. आवड असेल तर ती लगेच एक चित्र काढून दाखवील आणि चूकही सांगेल. मग राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना शाळेमार्फत बसवा. मुंबईत जाऊन चित्रकार होण्यासाठी नव्हे. घराबाहेरचं कोणीतरी तिच्या हाताकडे नीट बघावं, यासाठी.

तीन, गणित सोडू देऊ नका. त्या शाळांतही दुपारी दोनपर्यंत गणित सुटत नाही. चित्रकलेच्या बळावर पोट भरणारी माणसं कापडाची नक्षी करतात, छपाईची कामं करतात, घरांचे नकाशे काढतात, शाळेत शिकवतात. त्या प्रत्येक कामात मोजमाप लागतं. मोठमोठ्या कलावंतांची नावं देऊन तुम्हाला भुलवण्याचा मोह मी आवरतो. शंभर मुलांतलं एखादं तिथे पोचतं. बाकीच्या नव्व्याण्णवांचं काय झालं, हे बापानं विचारलंच पाहिजे. तुम्ही विचारलंत, यात तुमचं काही चुकलं नाही.

चार, पोर रडून आली तर त्या दिवशी तिला शाळेतून काढू नका आणि बळजबरीनं ठेवूही नका. सत्र संपू द्या. मग तिची जुनी वही आणि नवी वही शेजारी शेजारी ठेवून तिच्यासोबत बसा. काही बोलू नका, नुसतं बघा. आणि ती परत येऊन फुटबॉल खेळायचं म्हणाली, तर खेळू द्या.

तुमच्या पत्रासोबत तुम्ही मुलीचं एक चित्र पाठवलं आहे. विहिरीवरची मोट काढली आहे. चित्र देखणं आहे, पण आता तुमच्याकडे मोट नाही, पंप आहे. मुलीला सांगा, ते चित्र पुस्तकातून काढलेलं दिसतं. आपल्या विहिरीवर जाऊन तिथे जे आहे ते काढ. पंपाची पेटी, गंजलेला पाइप, बांधावरचं शेवग्याचं झाड. आणि ते चित्र मला पाठवा.

पुढच्या अंकात तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी बोलू. कळ्या दिसू लागल्या असतील तर कामगंध सापळे आताच लावून घ्या.

रामराम.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)